आवाराच्या नेटवर्कवर अनेक प्रोटोकॉल : चालू करणे सोपे, बंद करणे अवघड

जालव्यवस्थापक (मूळ लेख)

विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या आवारांत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ हे इंटरनेटचे जुने आणि नवे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, बरोबरीने चालवण्याचे काम बऱ्याच ठिकाणी सुरू आहे. त्याविषयी बोलताना अनेकजण असे धरून चालतात की, एकाच नेटवर्कवर दोन प्रोटोकॉल नांदवण्याची ही पहिलीच वेळ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे आवारातील एकाच इथरनेटवर, म्हणजे स्थानिक तारेच्या जाळ्यावर, चार-पाच प्रोटोकॉल असणे ही नित्याची गोष्ट होती. भौतिकशास्त्र विभागातील डेक कंपनीच्या व्हॅक्स संगणकांचा आपसांतला व्यवहार डेकनेटने चाले; विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील पीसी नॉव्हेलच्या नेटवेअर सर्व्हरला आयपीएक्सने जोडलेले असत; छपाई आणि मांडणीचे काम करणारे मॅकिंटॉश अ‍ॅपलटॉकवर, संगणकशास्त्राची युनिक्स यंत्रे टीसीपी/आयपीवर आणि प्रशासनाचा आयबीएम मेनफ्रेम एसएनए या आपल्या वेगळ्याच पद्धतीवर. ही रचना कोणी ठरवून केलेली नव्हती. प्रत्येक विभाग आपल्या अनुदानातून आपल्या गरजेचे यंत्र घेई आणि त्या यंत्राबरोबर त्याच्या कंपनीचा प्रोटोकॉल आवारात येई.

हे सगळे एका तारेवर चालू शकले याचे कारण इथरनेटच्या फ्रेममध्येच, म्हणजे पॅकेट (माहितीचा तुकडा) तारेवरून ज्या वेष्टनात जाते त्यातच, आहे. घेणाऱ्याच्या आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर फ्रेममध्ये दोन बाइटांचा एक रकाना असतो आणि आत कोणत्या प्रोटोकॉलचे पॅकेट आहे हे त्यावरून कळते. हेक्साडेसिमल पद्धतीत आयपीसाठी ०८००, आयपीएक्ससाठी ८१३७, अ‍ॅपलटॉकसाठी ८०९बी, डेकनेटसाठी ६००३ आणि आयपीव्ही६ साठी ८६डीडी हे आकडे ठरलेले आहेत. ज्या यंत्राला समोरचा आकडा ओळखीचा नसतो ते यंत्र ती फ्रेम सोडून देते. तारेला तर आत काय आहे याच्याशी काहीच देणेघेणे नसते.

इमारतीबाहेर जायचे म्हटले की राउटर, म्हणजे एका नेटवर्ककडून दुसऱ्याकडे पॅकेटे पोहोचवणारे यंत्र, लागतो, आणि तिथे प्रत्येक प्रोटोकॉलचे स्वतंत्र ज्ञान असावे लागते. या गरजेतूनच बहुप्रोटोकॉल राउटर जन्माला आला, आणि तोही विद्यापीठांच्या आवारात. स्टॅनफर्डमध्ये बिल येगर यांनी झेरॉक्सच्या पप प्रोटोकॉलसाठी लिहिलेले राउटरचे सॉफ्टवेअर पुढे एक्सएनएस (झेरॉक्सचाच पुढचा प्रोटोकॉल) आणि आयपी यांनाही सामावून घेऊ लागले. एमआयटीत नोएल कियाप्पा यांनी त्याच सुमारास असेच काम केले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सिस्कोने पुढे १९८७ मध्ये स्टॅनफर्डकडून त्या सॉफ्टवेअरचा परवाना घेतला, म्हणजे ज्या उद्योगाची उपकरणे आज आपण सगळे वापरतो त्याचे मूळ आवारातल्या या खिचडीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की प्रोटोकॉल एकत्र चालवणे हा तारेच्या दृष्टीने सुटलेला प्रश्न आहे. खरा खर्च राउटरच्या मेमरीत, ब्रॉडकास्टमध्ये (सर्व यंत्रांना एकदम जाणाऱ्या संदेशांत), सुरक्षेच्या नियमांत आणि सर्वांत जास्त म्हणजे बिघाड शोधणाऱ्या माणसाच्या वेळेत पडतो. दुसरे म्हणजे, प्रोटोकॉल चालू करताना त्याच्या बंद होण्याची योजना कोणी करत नाही, आणि त्यामुळे शेवटच्या दोन यंत्रांसाठी तो वर्षानुवर्षे पोसावा लागतो. ज्यांनी त्या काळातील नेटवर्के सांभाळली आहेत आणि जे आज दोन आयपी सांभाळत आहेत, त्या दोघांनीही येथे लिहावे अशी विनंती आहे.

व्हॅक्सकालीन

लेख आवडला, पण तारेचा प्रश्न सुटलेला होता हे विधान जरा सौम्य करावे लागेल. नेटवेअरबाबत तारेवरही गोंधळ होताच. तुम्ही सांगितलेला दोन बाइटांचा रकाना आयईईई ८०२.३ या मानकात लांबीसाठी वापरला गेला. तडजोड अशी की त्यातील आकडा १५०० किंवा त्याहून कमी असेल तर ती लांबी आणि १५३६ किंवा त्याहून अधिक असेल तर तो प्रकार. पप प्रोटोकॉलचा मूळ आकडा नेमका लांबीच्या पट्ट्यात येत होता, म्हणून त्याला पुढे नवा आकडा द्यावा लागला.

नॉव्हेलने सुरुवातीला ८०२.३ ची चौकट घेतली, पण तिच्या आत ८०२.२ चे शीर्षक (आत कोणता प्रोटोकॉल आहे हे सांगणारा भाग) घातले नाही. लांबीच्या रकान्यानंतर थेट आयपीएक्सचे पॅकेट सुरू होई आणि त्याचे पहिले दोन बाइट नेहमी एफएफएफएफ असत, कारण आयपीएक्समध्ये चेकसमचा, म्हणजे चूक तपासणाऱ्या बेरजेचा, रकाना असूनही तो वापरला जात नव्हता. नेटवेअर ३.१२ पासून मूळ सेटिंग बदलून ८०२.२ झाले. शिवाय इथरनेट-२ आणि स्नॅप या आणखी दोन पद्धती होत्याच. म्हणजे एकच प्रोटोकॉल, एकच तार, आणि फ्रेमचे चार प्रकार.

याचा परिणाम प्रयोगशाळेत असा दिसे : जुन्या सर्व्हरशेजारी नवा सर्व्हर बसवला जाई, दोन्ही व्यवस्थित चालत, पण अर्ध्या पीसींना नवा सर्व्हर दिसतच नसे. केबल ठीक, कार्ड ठीक, सर्व्हरच्या पडद्यावर कुठलीही तक्रार नाही. शेवटी पीसीवरील नेट डॉट सीएफजी ही फाइल उघडून त्यातील फ्रेमची ओळ बदलावी लागे. काही ठिकाणी उपाय म्हणून सर्व्हरवर दोन्ही प्रकार चालू ठेवत, पण प्रत्येक फ्रेम प्रकाराला त्याच तारेवर वेगळा आयपीएक्स नेटवर्क क्रमांक द्यावा लागे. त्यामुळे राउटरच्या दृष्टीने एका खोलीत दोन नेटवर्के तयार होत, आणि त्यांच्यामधली रहदारी एकाच तारेवरून दोनदा जाई.

पॅकेटवाचक

वरील प्रतिसादाला डेकनेटची जोड देतो, कारण प्रोटोकॉल एकमेकांपासून अलिप्त असतात हा समज तिथे सर्वांत स्पष्टपणे मोडतो.

डेकनेटच्या चौथ्या टप्प्यात पत्ता १६ बिटांचा होता : ६ बिट क्षेत्रासाठी आणि १० बिट यंत्रासाठी. या पत्त्यावरून यंत्राचा इथरनेट पत्ता थेट काढता यावा म्हणून डेकनेट सुरू होताच नेटवर्क कार्डाचा मूळ पत्ता बाजूला सारून एए-००-०४-०० ने सुरू होणारा पत्ता बसवला जाई. क्षेत्र १, यंत्र १ असेल तर १ गुणिले १०२४ अधिक १ म्हणजे १०२५, हेक्साडेसिमलमध्ये ०४०१, त्याचे बाइट उलटे करून पूर्ण पत्ता एए-००-०४-००-०१-०४.

आता आयपीएक्सकडे पाहा. त्यात यंत्राचा क्रमांक म्हणून कार्डाचा ४८ बिटांचा पत्ताच वापरतात. त्यामुळे आयपीतील एआरपीसारखी (हा पत्ता कोणत्या कार्डाचा, अशी) विचारपूस लागत नाही, आणि ही त्या रचनेची मोठी सोय होती. पण एखाद्या राउटरवर आयपीएक्स आधी सुरू केले आणि डेकनेट नंतर, तर कार्डाचा पत्ता मध्येच बदलतो आणि शेजाऱ्यांच्या लेखी असलेला आयपीएक्स पत्ता खोटा ठरतो. म्हणून राउटरवर डेकनेट सर्वांत आधी सुरू करावे असा नियम होता. दोन प्रोटोकॉल एकमेकांची पॅकेटे कधी उघडूनही पाहत नाहीत, तरी खालची एक गोष्ट सामाईक असल्यामुळे त्यांच्या सुरू होण्याच्या क्रमाला अर्थ येतो.

टर्मिनल सर्व्हरसाठी वापरला जाणारा लॅट हा प्रोटोकॉल आणखी अवघड पाहुणा होता. त्याला नेटवर्क स्तरच नाही, त्यामुळे त्याचे राउटिंग होत नाही. विभागातील टर्मिनलवरून संगणक केंद्रातील व्हॅक्स हवा असेल तर मधले सगळे राउटर त्या प्रोटोकॉलपुरते ब्रिज म्हणून, म्हणजे फ्रेम जशीच्या तशी पुढे ढकलणारे यंत्र म्हणून, चालवावे लागत. एकीकडे आयपीसाठी आवाराचे नीट सबनेट (छोटी उपनेटवर्के) पाडायचे आणि दुसरीकडे लॅटसाठी तेच आवार एका तारेसारखे सपाट ठेवायचे, अशी ओढाताण त्यातून होई. मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कांतील नेटब्युई या प्रोटोकॉलचीही हीच अडचण होती.

जालव्यवस्थापक

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. तारेबद्दलचे माझे विधान नेटवेअरच्या बाबतीत टिकत नाही, हे मान्य.

ब्रॉडकास्टच्या खर्चाचा मी ओझरता उल्लेख केला होता, त्याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. नेटवेअरमधील प्रत्येक सेवा, मग तो सर्व्हर असो की प्रिंटर, सॅप या प्रोटोकॉलने आपली जाहिरात करी, आणि राउटर ही पूर्ण यादी दर ६० सेकंदांनी पुढे पाठवत. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ७ सेवा मावत. प्रत्येक नोंद ६४ बाइटांची, त्यावर २ बाइटांचे सॅपचे आणि ३० बाइटांचे आयपीएक्सचे शीर्षक, असे ४८० बाइट होतात. मोठ्या आवारात ७०० सेवा असल्या तर दर मिनिटाला १०० पॅकेटे, म्हणजे ४८,००० बाइट. १० मेगाबिटच्या इथरनेटवर हे जाणवत नाही. पण दुसऱ्या आवाराला जोडणारी तार ६४ किलोबिटची असेल तर दर मिनिटातील ६ सेकंद, म्हणजे त्या जोडणीचा दहावा हिस्सा, केवळ या यादीत जातो. आणि दूरच्या आवारातील कोणीही त्यांपैकी बहुतेक प्रिंटर कधीच वापरणार नसतो. म्हणूनच राउटरवर सॅपची गाळणी लावणे हे त्या काळात नेटवर्क सांभाळणाऱ्याचे रोजचे काम होऊन बसले होते.

अ‍ॅपलटॉकचे राउटर आपले मार्गांचे तक्ते दर १० सेकंदांनी पाठवत. मात्र अ‍ॅपलटॉकची वाखाणण्यासारखी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्र स्वतःच पत्ता निवडे, तो दुसऱ्या कोणी घेतला आहे का हे विचारून घेई, आणि वापरणाऱ्याला फक्त विभागाचे नाव निवडून प्रिंटर दिसे. पत्ता भरण्याचे काम माणसाकडून काढून घेण्याची ती कल्पना आज आयपीव्ही६ मध्ये आपण नव्याने वापरत आहोत.

सुरक्षाकक्ष

इतिहास मोलाचा आहे, तरीही आजची परिस्थिती एका बाबतीत मुळातच निराळी आहे आणि तिकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. आयपीएक्स बंद पडले तर नेटवेअर बंद पडे आणि तक्रार लगेच येई. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांच्या वर मात्र तेच वेब, तीच मेल आणि तीच नावे आहेत. एक बंद पडला तर काम दुसऱ्यावरून चालू राहते. २०१२ च्या आरएफसी ६५५५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) मध्ये मांडलेली आणि २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये सुधारलेली हॅपी आयबॉल्स ही पद्धत ब्राउझर वापरतात : आधी आयपीव्ही६ ने प्रयत्न, आणि साधारण २५० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही तर आयपीव्ही४ नेही प्रयत्न सुरू. त्याआधी वापरणाऱ्याला वीस सेकंदांहून अधिक ताटकळावे लागे, त्यामुळे ही पद्धत योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे एखाद्या इमारतीतील आयपीव्ही६ चे राउटिंग तुटले तरी कोणाचीच तक्रार येत नाही. प्रत्येक प्रोटोकॉलवर वेगवेगळी देखरेख ठेवली नाही, तर असा बिघाड महिनोन्महिने तसाच राहतो.

तक्रार येते ती अर्धवट बिघाडात. आयपीव्ही६ मध्ये वाटेतील राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. पॅकेट मोठे असल्याचा आयसीएमपीव्ही६ (अडचणी कळवणाऱ्या आयसीएमपी प्रोटोकॉलचा आयपीव्ही६ अवतार) संदेश तो परत पाठवतो आणि पाठवणाऱ्याने आकार कमी करायचा असतो. आयपीव्ही४ च्या काळातील सवयीने कोणी फायरवॉलवर सगळे आयसीएमपी अडवले, तर जोडणी जुळते, छोटी पाने उघडतात, आणि मोठी फाइल आली की सगळे गोठते. जोडणी आधीच जुळलेली असल्यामुळे हॅपी आयबॉल्सचाही येथे उपयोग होत नाही. आयपीव्ही६ साठी फायरवॉलचे नियम आयपीव्ही४ वरून जसेच्या तसे उतरवणे धोक्याचे आहे, ते यामुळे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. आम्ही आयपीव्ही६ सुरू केलेले नाही असे जे आवार म्हणते, तिथेही ते सुरूच असते. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोज यंत्रावर ते मुळातच चालू आहे, आणि इतर सर्व आधुनिक प्रणालींवरही. एखाद्या लॅपटॉपवर इंटरनेट शेअर करण्याची सोय चालू राहिली आणि त्याने स्वतःच राउटर असल्याची घोषणा केली, तर त्या व्हीलॅनमधील (स्विचवर पाडलेल्या स्वतंत्र नेटवर्कमधील) सगळी यंत्रे त्याचे ऐकतात. स्विचवर आरए गार्ड, म्हणजे अशा घोषणा अडवणारी सोय, लावणे हा त्यावरचा उपाय २०११ च्या आरएफसी ६१०५ मध्ये दिलेला आहे. आयपीव्ही६ वापरायचे नसले तरी तो लावावाच लागतो.

नवा प्रशासक

एक व्यावहारिक शंका आहे. आयपीव्ही४ मध्ये एखाद्या पत्त्याविषयी तक्रार आली की डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) लॉगमधून यंत्र शोधता येते. आयपीव्ही६ मध्ये यंत्रे स्वतःच पत्ते बनवतात आणि ते बदलतही राहतात. सरळ डीएचसीपीव्ही६ सक्तीचे करावे का? आणि दुसरे, दोन्ही प्रोटोकॉल कायम चालवण्यापेक्षा थेट केवळ आयपीव्ही६ वर जाता येईल का?

सुरक्षाकक्ष

डीएचसीपीव्ही६ ची सक्ती आवारात चालत नाही, कारण अँड्रॉइडने त्या मार्गाने पत्ता घेण्याचे वर्षानुवर्षे टाळले आहे, आणि विद्यार्थ्यांचे फोन तुम्ही नेटवर्कबाहेर ठेवू शकत नाही. मार्ग असा आहे की राउटरमधील शेजारी-तक्ता, म्हणजे कोणता आयपीव्ही६ पत्ता कोणत्या मॅक पत्त्याकडे (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याकडे) आहे त्याची नोंद, दर काही मिनिटांनी उतरवून साठवावी आणि वायफायच्या लॉगिन नोंदींशी जुळवावी. एका यंत्राकडे एकाच वेळी अनेक पत्ते असणे हे येथे गृहीत धरावे लागते. एका पत्त्यासाठी एकच रकाना ठेवलेली नोंदवही पहिल्याच आठवड्यात निरुपयोगी होते.

व्हॅक्सकालीन

राउटरच्या तक्त्यांविषयीही विचार करून ठेवा. स्विचच्या हार्डवेअरमधील स्मृती मर्यादित असते, आणि आयपीव्ही६ च्या नोंदी तिथे आयपीव्ही४ पेक्षा जास्त जागा घेतात. बऱ्याच उपकरणांत ही स्मृती दोन प्रोटोकॉलमध्ये कशी वाटायची हे आधी ठरवावे लागते, आणि वाटणी बदलायची तर उपकरण पुन्हा सुरू करावे लागते. खरेदीच्या निविदेत एकाच प्रोटोकॉलचा कमाल आकडा मागू नये. दोन्ही चालू असताना एकत्रित किती नोंदी मावतात ते विचारावे.

जालव्यवस्थापक

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो, कारण मूळ लेखातील माझा मुद्दा तोच आहे.

दोन्ही आयपी एकत्र चालवणे ही मधली अवस्था आहे. ती अवस्था कायमची मानली की नियम दुप्पट, तपासणी दुप्पट, आणि पत्त्यांची टंचाई होती तितकीच राहते, कारण प्रत्येक यंत्राला आयपीव्ही४ चा पत्ता द्यावाच लागतो. जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेकडील आयपीव्ही४ चा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वायफायपासून आयपीव्ही४ काढून घेण्यास सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी आज साधने आहेत. एनएटी६४ आणि डीएनएस६४ या भाषांतराच्या सोयींच्या साहाय्याने केवळ आयपीव्ही६ असलेले यंत्र जुन्या आयपीव्ही४ सर्व्हरपर्यंत पोहोचते. त्याहून उपयोगी म्हणजे २०२० च्या आरएफसी ८९२५ मधील डीएचसीपीचा पर्याय क्रमांक १०८. ज्या यंत्राला आयपीव्ही४ शिवाय राहता येते ते हा पर्याय मागते, सर्व्हर होकार देतो, आणि ते यंत्र आयपीव्ही४ चा पत्ता घेतच नाही. जे यंत्र हा पर्याय मागत नाही त्याला नेहमीप्रमाणे पत्ता मिळतो. दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच वायफायवर राहतात आणि विद्यार्थ्याला काहीही निवडावे लागत नाही. नवे आयफोन, मॅक आणि अँड्रॉइड फोन हे करतात. काही प्रोग्राम आयपीव्ही४ चा पत्ता थेट आकड्यांत वापरतात, त्यांच्यासाठी या यंत्रांतच सीएलएटी ही भाषांतराची सोय असते. १ जून २०१६ पासून अ‍ॅपलने केवळ आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर चालणे ही अ‍ॅपसाठी अटच केली, याचाही मोठा फायदा झाला आहे.

प्रयोगशाळेतील मोजमापाची उपकरणे, जुने प्रिंटर, दरवाजांचे नियंत्रक आणि इमारतींच्या वातानुकूलनाची यंत्रणा ही शेवटपर्यंत आयपीव्ही४ वर राहतील. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये खाजगी पत्त्यांवर ठेवावे आणि तिथे आयपीव्ही६ आणण्याचा आग्रह धरू नये. एखादे महागडे उपकरण पंधरा वर्षे चालणार असेल, तर त्याचा प्रोटोकॉलही तेवढीच वर्षे सांभाळायचा आहे, हे खरेदीच्या वेळीच लिहून ठेवलेले बरे.

पॅकेटवाचक

बंद करण्याच्या बाबतीत दोन जुनी उदाहरणे येथे उपयोगी पडतील. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी एनसीपी हा आपला जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारले, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र १९८२ मध्ये एनसीपी आधी एका दिवसासाठी आणि नंतर दोन दिवसांसाठी मुद्दाम बंद ठेवून पाहिले होते, हे फारसे सांगितले जात नाही. कोण अजून तयार नाही हे त्यातून उघड झाले.

दुसरे उदाहरण ब्रिटनच्या जॅनेटचे. १९८४ पासून हे शैक्षणिक नेटवर्क एक्स.२५ वरील कलर्ड बुक प्रोटोकॉलांवर चाले. त्यात नावेही उलट्या क्रमाने लिहीत, म्हणजे यूके आधी आणि यंत्राचे नाव शेवटी. १९९१ मध्ये आयपी सेवा सुरू झाली आणि लोक आपणहून तिकडे गेले, तरी एक्स.२५ चा आधार संपायला १९९७ उजाडले. दरम्यान मेलचे दोन्ही क्रम ओळखणारे द्वारसंगणक चालवावे लागले, आणि सीएस ने सुरू होणारे नाव संगणकशास्त्र विभागाचे की चेकोस्लोव्हाकियाचे (त्या देशाची खूणही सीएसच होती), हा घोळ त्यांना निस्तरावा लागला.

नवा प्रशासक

मग आवारात अमुक प्रोटोकॉल खरोखर कोणी वापरत नाही, हे खात्रीने कसे ठरवायचे? विभागांना पत्र पाठवले तर बहुतेक उत्तर देत नाहीत, आणि जे देतात ते सावधगिरी म्हणून राहू द्या असे लिहितात.

जालव्यवस्थापक

पत्राने ठरत नाही, मोजून ठरते. प्रत्येक इमारतीच्या मुख्य स्विचवर एक मिरर पोर्ट (रहदारीची प्रत देणारा पोर्ट) घ्यावा आणि मूळ लेखात सांगितलेल्या दोन बाइटांच्या रकान्यानुसार फ्रेमची मोजणी करावी. किती फ्रेम आल्या याला फारसे महत्त्व नाही. कोणत्या मॅक पत्त्यावरून आल्या ते पाहावे, आणि स्विचच्या तक्त्यावरून तो पत्ता कोणत्या पोर्टवर, कोणत्या खोलीत आहे ते काढावे. नमुना किमान एका पूर्ण सत्राचा असावा, कारण परीक्षेच्या वेळी किंवा वर्षअखेरीलाच सुरू होणारी यंत्रे आवारात हमखास असतात. आयपीएक्सच्या काळात या मोजणीत बहुतेक वेळा असे आढळे की, उरलेली रहदारी वापरात नसलेल्या प्रिंटर कार्डांची आहे : ती कार्डे चारही प्रकारच्या फ्रेमवर सर्व्हर शोधत राहत, आणि त्यांना उत्तर देणारा सर्व्हर केव्हाच काढून टाकलेला असे. अशा कार्डांवरचा प्रोटोकॉल तिथेच बंद करता येतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

जी खरी यंत्रे उरतील त्यांच्या मालकांकडे प्रत्यक्ष जावे, तारीख ठरवावी, आणि त्या तारखेच्या आधी कामकाजाच्या एका दिवशी जाहीर करून प्रोटोकॉल काही तास बंद ठेवावा. बंद करण्याची सुरुवात कडेच्या पोर्टांवरून करावी आणि राउटरवरील सेटिंग सर्वांत शेवटी काढावे, म्हणजे गरज पडल्यास एखादी खोली लगेच पूर्ववत करता येते. आयपीव्ही४ च्या बाबतीत ही मोजणी आणखी सोपी आहे. पर्याय १०८ चालू केलेल्या व्हीलॅनमध्ये एआरपीच्या, म्हणजे ०८०६ आकड्याच्या, फ्रेम पाठवणारी जी यंत्रे दिसतील, त्यांतून राउटर आणि सर्व्हर वगळले की आयपीव्ही४ वर अडकलेली यंत्रे राहतात. ती यादी दर महिन्याला काढून विभागवार लावावी आणि पुढच्या खरेदीच्या बैठकीत ठेवावी.